जमीन की समुद्र? कच्छचे रण आणि एका सीमेचा इतिहास

१/
१९६६ साली जिनिव्हा येथे तीन सदस्यांच्या एका आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरणासमोर भारत आणि पाकिस्तान यांच्यात एक विलक्षण वाद सुरू झाला. त्यातला एक प्रश्न असा होता: कच्छचे रण ही जमीन मानायची की समुद्र? सुमारे ९,००० चौरस किलोमीटर प्रदेश कोणाचा, हे ठरवताना या प्रश्नाला मोठे महत्त्व आले होते. वर्षभरापूर्वी याच प्रदेशात तोफा धडाडल्या होत्या. असा प्रश्न एखाद्या भूभागाबद्दल पडू तरी कसा शकतो, हे समजून घेण्यासाठी आधी रणाचा भूगोल पाहावा लागतो. (थ्रेड)

२/
कच्छच्या मोठ्या रणाच्या उत्तरेला सिंधमधील थरपारकरच्या वाळूच्या टेकड्या आहेत. त्यांच्याच आग्नेय टोकाला नगरपारकरजवळ कारुंझरचे ग्रॅनाइटचे डोंगर उभे आहेत. पश्चिमेला सिंधू नदीचा त्रिभुज प्रदेश आणि कोरी खाडी, दक्षिणेला बन्नीचे गवताळ मैदान आणि त्यापलीकडे कच्छची मुख्य भूमी. या सर्वांच्या मधोमध सपाट, खारट, वृक्षहीन असा हा प्रदेश पसरलेला आहे. आग्नेयेला कच्छ आणि उत्तर गुजरात यांच्यामध्ये त्याचाच धाकटा भाऊ, म्हणजे लहान रण आहे.

३/
रण समुद्रसपाटीपेक्षा जेमतेम काही मीटर उंच आहे. पावसाळ्यात नैऋत्य वारे कोरी खाडीतून समुद्राचे पाणी आत लोटतात. त्याच सुमारास लुणी, बनास, रूपेण यांसारख्या नद्या पूर्वेकडून गोडे पाणी आणून सोडतात. उतार नसल्यामुळे हे पाणी निघून जात नाही, उथळ थराच्या रूपाने कित्येक महिने साचून राहते. हिवाळ्यात ते आटू लागते आणि मागे मिठाचा पांढरा थर उरतो. ज्या जागेवरून श्रावणात होडी जाऊ शकते, तिथूनच वैशाखात उंटांचा तांडा जातो. पण वरून कोरडा दिसणारा थर पायाखाली कधी खचेल, हे वाटाड्याशिवाय कळत नाही.

४/
या सपाटीत काही उंचवटे आहेत. स्थानिक लोक त्यांना 'बेट' म्हणतात आणि पावसाळ्यात ती खरोखरच बेटे होतात. पच्छम, खडीर, बेला ही त्यांतली मोठी नावे. पच्छमवरचा काळा डुंगर साडेचारशे मीटरहून उंच असून तो कच्छमधील सर्वोच्च डोंगर आहे. याखेरीज रणाच्या उत्तर भागात अगदी लहान बेटे आहेत. ती भोवतालच्या खारजमिनीपेक्षा थोडीशीच उंच असतात, पण तेवढ्या उंचीमुळे तिथे गवत उगवते. छाड बेट हे त्यांपैकीच एक. हे नाव लक्षात ठेवावे, कारण पुढे ते पुन्हा येणार आहे.

५/
खडीर बेटावरच धोलावीरा आहे. सिंधू संस्कृतीतील हे नगर इसवी सनपूर्व तिसऱ्या सहस्रकात भरभराटीला आले होते. मानसर आणि मनहर या दोन हंगामी ओढ्यांचे पाणी बांध घालून वळवायचे आणि दगडी टाक्यांमध्ये साठवायचे, अशी योजना तेथील रहिवाशांनी केली होती. आजच्या ओसाड परिसरात एवढे मोठे नगर का वसले असावे, याचे एक स्पष्टीकरण असे दिले जाते की त्या काळी रणात समुद्राचे पाणी आजच्यापेक्षा अधिक काळ आणि अधिक खोल असावे, त्यामुळे बेटापर्यंत नौका येऊ शकत असाव्यात.

६/
'रण' या नावाचा युद्धाशी संबंध नाही. संस्कृतमधील 'इरिण' म्हणजे खारवट, नापीक जमीन, आणि त्यावरून हा शब्द आला असे मानले जाते. इसवी सनाच्या पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिल्या गेलेल्या 'पेरिप्लस ऑफ दि एरिथ्रियन सी' या नौकानयनाच्या ग्रंथात सिंधूच्या मुखापुढे 'एरिनॉन' नावाच्या जलभागाची नोंद आहे. त्याचे मोठे आणि लहान असे दोन भाग असून पाणी उथळ व वाळूचे दांडे सतत सरकणारे आहेत, असे त्यात म्हटले आहे. म्हणजे दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी व्यापाऱ्याने रणाची गणना समुद्रात केली होती. जमिनीसाठी असलेले नाव त्याने आखाताला दिले होते.

७/
नद्यांनी आणलेला गाळ साचत गेला आणि हे आखात हळूहळू भरत आले. तरीही अठराव्या शतकापर्यंत रणाच्या पश्चिम भागाची अवस्था आजच्याहून फार निराळी होती. सिंधूचा एक पूर्वेकडचा फाटा, ज्याला पुराण म्हणत, कच्छच्या वायव्य कोपऱ्यातून वाहत कोरी खाडीला मिळे. त्या गोड्या पाण्यावर लखपतच्या आसपास भातशेती होत असे आणि तिथला महसूल कच्छच्या रावांच्या तिजोरीत जाई. लखपत हे बंदरही होते. समुद्रमार्गे आलेला माल तिथून सिंधमध्ये जात असे.

८/
हे पाणी प्रथम तोडले ते माणसांनी. १७६२ साली सिंधचा शासक गुलामशाह कल्होरो याने कच्छवर स्वारी केली आणि झारा येथे घनघोर लढाई झाली. त्यानंतर त्याने पुराणच्या प्रवाहावर बांध घातला. पाणी सिंधमध्येच अडले आणि कच्छकडील भातशेती सुकली. पुढच्या काळातही वरच्या अंगाला आणखी बांध पडत गेले. नदीचा वरचा भाग ज्याच्या ताब्यात, त्याने खालच्या शेजाऱ्याचे पाणी तोडायचे, हे राजकारण उपखंडात धरणांच्या युगाआधीच रुळलेले होते.

९/
उरलेले काम निसर्गाने केले. १६ जून १८१९ रोजी संध्याकाळी कच्छमध्ये प्रचंड भूकंप झाला. भुजमधील असंख्य घरे कोसळली. कच्छपासून दूर असलेल्या अहमदाबादेत जामा मशिदीचे प्रसिद्ध झुलते मनोरे पडले. अवघ्या काही महिन्यांपूर्वीच कच्छ संस्थान इंग्रजांच्या वर्चस्वाखाली आले होते आणि कॅप्टन जेम्स मॅकमर्डो हा भुजमध्ये रेसिडेंट होता. त्याने लिहिलेला भूकंपाचा वृत्तान्त मुंबईच्या लिटररी सोसायटीच्या नियतकालिकात छापला गेला. भारतातील भूकंपांच्या आरंभीच्या तपशीलवार नोंदींत त्याची गणना होते.

१०/
रणाच्या पश्चिम भागात सिंद्री नावाची एक लहानशी गढी होती. तिथे कच्छ संस्थानाचे जकातीचे ठाणे होते. भूकंपासरशी गढीभोवतालची जमीन खचली आणि समुद्राचे पाणी आत घुसले. काही तासांतच विस्तीर्ण प्रदेश पाण्याखाली गेला. गढीतील लोकांनी एका बुरुजावर चढून जीव वाचवला आणि दुसऱ्या दिवशी त्यांना होड्यांतून बाहेर काढण्यात आले. लखपतजवळ ओहोटीच्या वेळी जिथे जेमतेम फूटभर पाणी असे, तिथली खोली अठरा फुटांहून अधिक झाली.

११/
सिंद्रीच्या उत्तरेला लोकांना आणखी एक नवल दिसले. आदल्या दिवशीपर्यंत सपाट असलेल्या क्षितिजावर मातीचा एक लांबलचक बांध उभा होता. तो पूर्व-पश्चिम सुमारे ८० ते ९० किलोमीटर पसरलेला होता आणि काही ठिकाणी त्याची उंची सहा मीटरपर्यंत होती. भूगर्भातील प्रस्तरभंगामुळे एका बाजूची जमीन वर उचलली गेली होती आणि दुसऱ्या बाजूची खचली होती. सिंधच्या शासकांनी बांधलेले बांध लोकांच्या परिचयाचे होते. हा बांध मात्र कोणा माणसाने घातलेला नव्हता, म्हणून त्यांनी त्याला नाव दिले 'अल्लाह बंद'.

१२/
१८२६ साली सिंधूला मोठा पूर आला. पाण्याने माणसांचे बांध फोडले, अल्लाह बंदही कापून काढला आणि सिंद्रीच्या जलाशयापर्यंत नदी पुन्हा पोहोचली. त्यानंतरच्या दोन वर्षांत अलेक्झांडर बर्न्स या तरुण अधिकाऱ्याने या भागाला भेटी देऊन पाहणी केली. जमीन क्षणार्धात उचलली आणि खचली जाऊ शकते, याचे हे ताजे उदाहरण होते. म्हणूनच आधुनिक भूविज्ञानाचा पाया घालणाऱ्यांपैकी एक असलेल्या चार्ल्स लायेलने आपल्या 'प्रिन्सिपल्स ऑफ जिऑलॉजी' या ग्रंथात त्याची सविस्तर चर्चा केली आणि सिंद्रीच्या गढीचे चित्रही दिले.

१३/
जगाच्या विज्ञानाला एक उदाहरण मिळाले, पण लखपतच्या वाट्याला उतरण आली. १८२६ च्या पुराचे गोडे पाणी टिकले नाही. नदी गेली, शेती गेली, व्यापारही दुसऱ्या बंदरांकडे वळला. फतेह मुहम्मदने १८०१ च्या सुमारास विस्तारलेला लखपतचा भव्य कोट आजही उभा आहे. सुमारे सात किलोमीटर लांबीच्या त्या तटबंदीच्या आत आता मोजकीच वस्ती आहे. जिथून एकेकाळी गलबते दिसत, त्या तटावरून आज खारट चिखलाचे मैदान दिसते.

१४/
आता या सरकत्या प्रदेशावर रेघा ओढण्याचा काळ आला. १८४३ साली इंग्रजांनी सिंध जिंकला आणि १८४७ मध्ये तो मुंबई इलाख्याला जोडला. १९३६ पर्यंत तो त्यातच राहिला. कच्छ हे संस्थान असल्याने तिथे रावांचे राज्य होते. विसाव्या शतकाच्या आरंभी सर खाडीच्या परिसरात कच्छ आणि सिंध यांच्यात हद्दीचा वाद उद्भवला, तेव्हा तो मुंबई सरकारपुढे आला. २४ फेब्रुवारी १९१४ रोजी मुंबई सरकारने तडजोडीचा ठराव मंजूर केला आणि त्यासोबत एक नकाशा जोडला.

१५/
नकाशावर सर खाडीच्या मुखापासून तिच्या माथ्यापर्यंत एक हिरवी रेघ होती आणि तिथून पूर्वेकडे जाणारी निळी तुटक रेघ होती. पुढे ही हद्द काही अंतर उत्तरेकडे वळत होती. १९२३-२४ मध्ये त्या भागात हद्दीचे खांबही उभारले गेले. मात्र त्याच्या पूर्वेला, संपूर्ण मोठ्या रणाच्या उत्तर काठाने, ना तडजोड झाली ना खांब उभे राहिले. दोन्ही बाजूंवर अंतिम सत्ता इंग्रजांचीच होती. ज्या खारजमिनीत कायम वस्ती नाही, तिथली हद्द आखण्याची घाई कोणाला नव्हती.

१६/
१९४७ साली ही मोकळी जागा अचानक आंतरराष्ट्रीय सीमा झाली. कच्छ भारतात विलीन झाले आणि सिंध पाकिस्तानात गेला. पुढच्याच वर्षी पाकिस्तानने रणातील हद्दीचा प्रश्न उपस्थित केला. १९५६ साली छाड बेटावर चकमक झाली. त्याच वर्षी १ नोव्हेंबरला कच्छ द्विभाषिक मुंबई राज्यात समाविष्ट झाले आणि १ मे १९६० पर्यंत तिथेच राहिले. त्यामुळे आज कदाचित आश्चर्य वाटेल, पण साडेतीन वर्षे मुंबई राज्याची एक सीमा थेट पाकिस्तानला भिडलेली होती.

१७/
९ एप्रिल १९६५ रोजी पहाटे पाकिस्तानी सैन्याने रणातील सरदार पोस्टवर हल्ला केला. केंद्रीय राखीव पोलीस दलाच्या जवानांनी तो परतवला. त्या स्मरणार्थ हे दल आजही ९ एप्रिलला शौर्य दिन पाळते. त्यानंतर कंजरकोट, छाड बेट, बियार बेट या परिसरात लष्करी संघर्ष पसरला. इथे भूगोल पाकिस्तानला अनुकूल होता. उत्तरेकडील जमीन उंच व कोरडी होती आणि बदीनचा तळ जवळ होता. भारतीय सैन्याची रसद मात्र भुजहून निघून रण ओलांडून न्यावी लागत होती, आणि पावसाळा तोंडावर आल्याने ती वाटही पाण्याखाली जाणार होती.

१८/
ब्रिटनचे पंतप्रधान हॅरोल्ड विल्सन यांच्या मध्यस्थीने ३० जून १९६५ रोजी करार झाला आणि दुसऱ्या दिवसापासून युद्धविराम लागू झाला. सीमेचा प्रश्न लवादाकडे सोपवण्याचे ठरले. भारताची सैनिकी तयारी कमकुवत आहे, असा चुकीचा निष्कर्ष पाकिस्तानी नेतृत्वाने रणातील चकमकींवरून काढला आणि त्यातूनच ऑगस्टमधील काश्मीर मोहिमेचे धाडस केले, असे अनेक इतिहासकार मानतात. सीमेचे रक्षण राज्यांच्या पोलिसांवर सोडता येणार नाही, हा धडा भारताने घेतला. १ डिसेंबर १९६५ रोजी सीमा सुरक्षा दलाची स्थापना झाली.

१९/
न्यायाधिकरणाचे अध्यक्ष स्वीडनचे न्यायाधीश गुन्नार लागरग्रेन होते. भारताने युगोस्लाव्हियाचे अलेश बेबलर यांना, तर पाकिस्तानने इराणचे नसरुल्ला एन्तेझाम यांना नेमले. पाकिस्तानचे म्हणणे असे होते की रणाचा उत्तर भाग पूर्वापार सिंधच्या अमलाखाली आहे. शिवाय रण हे मुळात भूवेष्टित समुद्रासारखे असल्याने दोन किनाऱ्यांच्या मधोमध, म्हणजे साधारण २४ अक्षांशाजवळ, सीमा असायला हवी. भारताचे म्हणणे होते की रण ही दलदल आहे, म्हणजे जमीन आहे. ती संपूर्ण कच्छची असून सीमा तिच्या उत्तर काठाने जाते.

२०/
दोन्ही बाजूंनी शेकडो नकाशे, अहवाल आणि पत्रव्यवहार सादर केला. गंमत अशी की इंग्रज राजवटीतील अधिकाऱ्यांनाही हाच प्रश्न पडला होता आणि रणाला 'सरोवर' म्हणण्यापेक्षा 'दलदल' म्हणणे अधिक योग्य, असा अभिप्राय जुन्या दप्तरात सापडत होता. पेरिप्लसचा कर्ता आणि ब्रिटिश कारकून दोघेही आपापल्या काळापुरते बरोबर होते. वर्षातील कोणत्या महिन्यात आणि इतिहासातील कोणत्या शतकात पाहावे, यावर रणाचे रूप अवलंबून असते. कायद्याला मात्र एकच उत्तर हवे होते.

२१/
१९ फेब्रुवारी १९६८ रोजी बहुमताने निवाडा जाहीर झाला. वादग्रस्त प्रदेशाचा सुमारे नव्वद टक्के भाग भारताचा ठरला. ब्रिटिश काळातील दीर्घकाळच्या नकाशांतून आणि प्रशासकीय कागदपत्रांतून रण कच्छचे मानले गेले होते, याला अध्यक्षांनी वजन दिले. उरलेला सुमारे दहा टक्के भाग पाकिस्तानला मिळाला. त्यात कंजरकोटचा पट्टा, धारा बन्नी, छाड बेट आणि नगरपारकरजवळ आत शिरलेले रणाचे दोन फाटे होते. भारताचा दावा संपूर्ण मान्य करावा, असे बेबलर यांचे स्वतंत्र मत होते.

२२/
छाड बेट आणि धारा बन्नी पाकिस्तानकडे का गेली, हे पाहण्यासारखे आहे. ही गवताची जागा होती. सिंधमधील पशुपालक पिढ्यान्‌पिढ्या आपली गुरे तिथे चारायला आणत आणि त्यांच्यामागोमाग सिंधच्या पोलिसांचा व अधिकाऱ्यांचा अंमलही तिथे चालत असे. नकाशे काहीही सांगोत, प्रत्यक्ष वावर आणि अंमल तिथे सिंधचा होता, असे न्यायाधिकरणाला आढळले. नगरपारकरच्या फाट्यांबाबतचा विचार व्यावहारिक होता. एका देशाच्या मुलुखात खोलवर घुसलेली दुसऱ्या देशाची निमुळती पट्टी कायमच्या कटकटींना आमंत्रण देईल, म्हणून ती पाकिस्तानला देण्यात आली.

२३/
भारतात या निवाड्याविरुद्ध संताप उसळला. कच्छमध्ये सत्याग्रह झाला आणि प्रकरण न्यायालयात गेले. भूभाग परक्या देशाला द्यायचा तर घटनादुरुस्ती लागते, असे १९६० मध्ये बेरुबारी प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते. परंतु १९६९ च्या मगनभाई ईश्वरभाई पटेल खटल्यात न्यायालयाने भेद स्पष्ट केला. जी सीमा कधी निश्चितच नव्हती ती ठरवणे, म्हणजे आपला भूभाग देऊन टाकणे नव्हे. त्यासाठी घटनादुरुस्तीची आवश्यकता नाही. त्यानंतर रणात सीमेचे खांब उभे राहिले आणि तो वाद कायमचा मिटला.

२४/
मिटला नाही तो सर खाडीचा वाद. सुमारे ९६ किलोमीटर लांबीची ही खाडी न्यायाधिकरणाच्या कक्षेबाहेर ठेवली गेली होती, कारण तिथली हद्द १९१४ मध्येच ठरली असे गृहीत होते. पाकिस्तान त्या नकाशावरील हिरव्या रेघेवर बोट ठेवतो आणि पूर्व किनारा ही सीमा मानतो. नौकानयनयोग्य जलमार्गात सीमा पात्राच्या मध्यातून जाते, या तत्त्वाचा आधार भारत घेतो. त्यातच १९१४ नंतर खाडीने आपले पात्र बदलले आहे. २००७ मध्ये दोन्ही देशांनी मिळून सर्वेक्षण केले, तरी तोडगा निघालेला नाही.

२५/
खाडीच्या मुखाशी जमिनीवरची सीमा कुठे संपते हे ठरले नाही, म्हणून तिथून पुढे समुद्रात जाणारी सीमाही ठरलेली नाही. त्याची किंमत मच्छीमार मोजतात. वारा, प्रवाह आणि माशांच्या मागे गेलेल्या बोटी दोन्ही देशांची सुरक्षा दले पकडतात आणि खलाशी महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे तुरुंगात राहतात. यात गुजरात आणि सिंधच्या कोळ्यांइतकेच पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरी भागातले आदिवासी खलाशीही आहेत. गुजरातच्या बोटींवर हंगामी कामाला गेलेला माणूस कराचीच्या तुरुंगात अडकतो आणि त्याच्या घरी मिळकतीचा हंगाम कोरडा जातो.

२६/
मुंबईच्या सचिवालयात १९१४ साली काढलेल्या एका नकाशाचा हा आजचा परिणाम आहे. तो नकाशा काढणाऱ्यांनी खाडी जिथे होती तिथे रेघ ओढली. ती तिथेच राहील, असे त्यांनी धरून चालले. त्यापूर्वी अवघ्या ९५ वर्षांमागे याच परिसरात एका संध्याकाळी जमिनीचा समुद्र झाला होता आणि सपाटीवर बांध उभा राहिला होता. बर्न्सच्या नोंदी आणि लायेलचा ग्रंथ तेव्हा ग्रंथालयांत उपलब्ध होता.

२७/
रणात आजही दरवर्षी पाणी येते आणि जाते. जून ते ऑक्टोबर या काळात तिथे गस्त घालणाऱ्या जवानाला रण समुद्रासारखे वाटते, मार्चमध्ये त्याच जागी उभ्या असलेल्या जवानाला ते वाळवंट वाटते. छाड बेटावर अजून गवत उगवते. मात्र दक्षिणेकडील बन्नीचा मालधारी आपल्या म्हशी घेऊन आता तिकडे फिरकू शकत नाही. रणाच्या इतिहासात जमीन, पाणी आणि गुरे ही सततच हलत आली. पन्नासहून अधिक वर्षांपूर्वी रोवलेले ते सीमेचे खांब मात्र जागच्या जागी उभे आहेत. (समाप्त)